वेब सिरीजच्या करारात आर्बिट्रेशन क्लॉज आहे, क्रेडिट आणि पैसे दोन्ही अडकलेत. कोर्टात जाऊ, आर्बिट्रेशनला जाऊ की मेडिएशनला?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही म्हणून सगळंच लिहिते.

गेल्या दीड वर्षात एका प्रॉडक्शन हाउससाठी आठ एपिसोडची वेब सिरीज लिहिली. संकल्पना माझी, बायबल (पात्रं आणि कथेचा सगळा आराखडा) माझं, आठही एपिसोडचे वन-लायनर माझे आणि पहिल्या पाच एपिसोडचा स्क्रीनप्ले आणि डायलॉग माझे. मग एक दिवस फोन आला की प्लॅटफॉर्मला टोन बदलून हवाय, दुसरा रायटर आणतोय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याने शेवटचे तीन लिहिले आणि माझ्या पाचातले काही सीन बदलले. तिथपर्यंत मी काही बोलले नाही, कारण रायटर बदलणं हे या क्षेत्रात सर्रास चालतं. पण गेल्या आठवड्यात टीझर आला आणि त्यात ‘संकल्पना’ म्हणून दिग्दर्शकाचं नाव आहे, आणि एका असिस्टंटने मला टायटल्सची यादी दाखवली त्यात मी कुठे आहे तर ‘अतिरिक्त लेखन’ मध्ये, तेही तीन नावांतलं तिसरं. ज्या गोष्टीतल्या प्रत्येक माणसाचं नाव मी ठेवलंय तिथे मी अतिरिक्त.

पैशाचं म्हणाल तर चार हप्ते ठरले होते, दोन मिळाले, उरलेल्या दोनांचे मिळून आठ लाख येणं आहे. इनव्हॉइस पाठवून साडेचार महिने झाले. रिलीजला सात आठवडे आहेत.

करारात क्लॉज १९ असा आहे की वाद झाला तर कोर्टाऐवजी निर्माता नेमेल तो एकच आर्बिट्रेटर (लवाद) निकाल देईल, सीट म्हणजे कायदेशीर ठिकाण मुंबई, भाषा इंग्रजी, निर्णय दोघांवर बंधनकारक. आणि लगेच पुढच्या ओळीत, लेखक कुठल्याही परिस्थितीत प्रदर्शन थांबवण्यासाठी स्टे मागणार नाही. सही करताना मी हे वाचलं होतं, खोटं कशाला बोलू, पण पहिलं मोठं काम हातात होतं आणि त्या एका क्लॉजवरून ते जाऊ द्यायची हिंमत झाली नाही.

आता एकजण म्हणतो सरळ हायकोर्टात जा, रिलीजवर स्टे आण, मग बघ कसे पळत येतात. दुसरी मैत्रीण म्हणते मेडिएशन, म्हणजे मध्यस्थासमोर बसून तडजोड कर, याच लोकांबरोबर पुढे काम करायचंय. तिसरा म्हणतो आर्बिट्रेशनची सही केलीस ना, मग संपलं, त्यांचाच माणूस निकाल देणार. मला खरंच कळत नाहीये यातलं कोण बरोबर आहे. ज्यांना या वाटेचा अनुभव आहे त्यांनी प्लीज लिहा.

उलटतपासणी

मी वकिली करतो, बरीचशी कामं कराराच्या आणि कॉपीराइटच्या वादातली असतात. करार बघितल्याशिवाय नेमका सल्ला देता येत नाही, पण तिसऱ्या मित्राचं म्हणणं आधी खोडतो कारण त्याच भीतीने अनेक लोक घरी बसतात.

‘निर्माता नेमेल तो आर्बिट्रेटर’ ही ओळ जशी लिहिलीय तशी आज टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या निकालात स्पष्ट सांगितलं की ज्याचा निकालात स्वतःचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव आर्बिट्रेटर नेमायचा नाही. म्हणजे तुमचं आर्बिट्रेशन रद्द होत नाही, फक्त माणूस दोघांच्या संमतीने ठरवावा लागतो, आणि संमती झाली नाही तर हायकोर्ट नेमतं. तुम्ही नोटीस पाठवायची (१९९६ च्या आर्बिट्रेशन कायद्याचं सेक्शन २१), त्यात दोन-तीन नावं सुचवायची, तीस दिवसांत त्यांनी होकार दिला नाही की सेक्शन ११ खाली अर्ज. त्यांनी परस्पर कुणाला नेमून तारीख पाठवली तर तिथे मुकाट्याने जाऊन बसू नका, पहिल्याच दिवशी लेखी हरकत घ्या. स्टॅम्प ड्युटी नीट भरलेली नसेल तरी त्यावरून घाबरू नका, डिसेंबर २०२३ मध्ये सात न्यायाधीशांच्या बेंचने सांगितलंय की तो दोष भरून काढता येतो, क्लॉज त्याने मरत नाही.

आता पहिल्या मित्राचं. थेट दावा टाकलात तर समोरचा पहिलं उत्तर देण्याआधी सेक्शन ८ चा अर्ज करेल की आमच्यात आर्बिट्रेशन ठरलंय, आणि कोर्ट बहुतेक तुम्हाला तिकडेच पाठवेल. पूर्वी असा युक्तिवाद चालायचा की कॉपीराइटचा प्रश्न आर्बिट्रेटरपुढे जातच नाही. २०१६ मध्ये इरॉस विरुद्ध टेलिमॅक्स या प्रकरणात बॉम्बे हायकोर्टाने तो नाकारला, करारातून उगवलेलं दोन पार्टींमधलं भांडण असेल तर ते आर्बिट्रेटर ऐकू शकतो. नंतर २०२० च्या विद्या ड्रोलिया निकालात कुठला वाद आर्बिट्रेशनला जातो आणि कुठला नाही याची चौकटच सुप्रीम कोर्टाने घालून दिली. तुमचं प्रकरण मला तरी सरळसरळ आर्बिट्रेशनमध्ये बसणारं दिसतं.

पण म्हणून कोर्टाचं दार बंद नाही. सेक्शन ९ खाली आर्बिट्रेशन सुरू व्हायच्या आधीच कोर्टाकडून तात्पुरता आदेश मागता येतो, फक्त आदेश मिळाला की ९० दिवसांत आर्बिट्रेशन सुरू करावं लागतं. इथे मात्र दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, रिलीज पूर्ण थांबवा असं मागितलंत की कोर्ट विचारणार, नुकसान पैशाने भरून निघतं का, आणि निघत असेल तर थांबवायचं कशाला. ‘माझं नाव योग्य जागी लावा’ ही मागणी मात्र पैशाने भरून निघत नाही. कॉपीराइट कायद्याच्या सेक्शन ५७ प्रमाणे कृती माझी आहे हे सांगायचा हक्क तुम्ही सगळे हक्क विकून टाकलेत तरी तुमच्याकडे राहतो, आणि त्यावरची मागणी जास्त दमदार असते. दुसरी गोष्ट वेळेची. टीझर गेल्या आठवड्यात आलाय, तर या आठवड्यात हालचाल करा. रिलीजच्या आदल्या दोन दिवसांत धावत येणाऱ्यांवर बॉम्बे हायकोर्ट अनेकदा चिडलेलं आहे आणि ते बरोबरच आहे असं माझं मत आहे. महिनाभर माहीत असताना शुक्रवारच्या रिलीजवर बुधवारी स्टे मागणं हे न्याय मागणं राहत नाही, ते नाक दाबणं होतं.

एक कमजोरी आधीच सांगून ठेवतो. प्लॅटफॉर्मने तुमच्याशी करार केलेला नाही. आर्बिट्रेटर सही करणाऱ्यांना बांधतो, सही न केलेल्याला ओढून आणणं काही परिस्थितीत शक्य आहे (डिसेंबर २०२३ चा कॉक्स अँड किंग्सचा निकाल), पण इथे ते सोपं वाटत नाही. म्हणजे सिरीज एकदा प्लॅटफॉर्मच्या ताब्यात गेली की आर्बिट्रेटरने ‘क्रेडिट बदला’ म्हटलं तरी निर्मात्याने प्लॅटफॉर्मला पत्र लिहून ते करून घ्यायचं, एवढंच हातात राहतं. क्रेडिटची लढाई डिलिव्हरीच्या आधीची असते.

मॉन्टाजवाला

ताई, तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं, कारण मी यातून गेलोय. मी डॉक्युमेंटरी एडिट करतो. चार वर्षांपूर्वी एका फिल्मचं स्ट्रक्चर मी बसवलं होतं, १४० तासांच्या फुटेजमधून, आणि फेस्टिव्हल कटवर माझं नाव ‘असोसिएट’ म्हणून आलं. कुठली फिल्म, कोण माणसं ते सांगू शकत नाही, कारण मेडिएशनमध्ये गोपनीयतेवर सही केलीय आणि ती मी पाळणार आहे. पण खोलीत काय होतं ते सांगतो, कारण मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी इतका घाबरून गेलो नसतो.

मेडिएटर निवृत्त न्यायाधीश नव्हत्या, वकील होत्या आणि आधी काही वर्षं पोस्ट-प्रॉडक्शनच्या करारांचं काम केलेल्या. पहिला अर्धा तास सगळे एकत्र. मी तयारी करून गेलो होतो, हार्ड डिस्क, टाइमलाइनचे स्क्रीनशॉट, तारखा घातलेले एक्स्पोर्ट. दिग्दर्शक समोर बसलेला, आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. मग त्यांनी आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि त्या या खोलीतून त्या खोलीत जायला लागल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा मी पुन्हा पुरावे काढायला लागलो तर म्हणाल्या, ‘ते राहू दे, मी निकाल देणार नाहीये, मला पुराव्याने पटवून काही उपयोग नाही. मला सांगा, पडद्यावर नेमकं काय दिसलं की तुम्ही आज रात्री झोपाल?’ मी म्हटलं एडिटर म्हणून नाव. ‘एकटं की दोघांचं? त्याच पाटीवर की वेगळ्या? दिग्दर्शकाच्या आधीची पाटी की नंतरची? किती सेकंद?’ मला यातल्या एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. दोन वर्षं मी ‘माझं क्रेडिट’ म्हणत भांडत होतो आणि ते क्रेडिट पडद्यावर कसं दिसायला पाहिजे हे मी कधी कागदावर लिहिलंच नव्हतं.

त्यांनी मला कोरा कागद दिला आणि आयताकृती चौकट काढायला लावली, पडद्याची. त्यात मी पाटी लिहिली. तो कागद घेऊन त्या पलीकडे गेल्या. वीस मिनिटांनी परत आल्या तर त्याच कागदावर दिग्दर्शकाने पेन्सिलने एक बाण काढला होता, माझं नाव वर आणि त्याच्या मित्राचं नाव, जो फक्त शेवटचे पाच आठवडे होता, खाली, ‘अतिरिक्त एडिटिंग’ म्हणून. तो कागद तीनदा इकडून तिकडे गेला. भांडण तिथेच संपलं खरं तर, पैशाचा भाग दुसऱ्या दिवशी एका तासात झाला. कागदाचा फोटो करारनाम्याला जोडला, परिशिष्ट अ म्हणून.

माझा मुद्दा असा की कोर्ट किंवा आर्बिट्रेटर मला पैसे देऊ शकले असते, कदाचित ‘याला क्रेडिट द्या’ असंही म्हणाले असते, पण पाटी कितव्या सेकंदाला, पोस्टरवर नाव येणार का, फेस्टिव्हलच्या कॅटलॉगमध्ये चुकीचं छापलं गेलंय ते कोण पत्र लिहून दुरुस्त करणार, पुढच्या मुलाखतीत दिग्दर्शक माझा उल्लेख करणार का, हे सगळं आमचं आम्हीच ठरवू शकत होतो. शेवटचं तर कुठल्याही आदेशात आलं नसतं. त्याने उल्लेख केला, दोनदा.

मात्र एक अट आहे, समोरच्याला यायची गरज वाटली पाहिजे. मेडिएशनमधून कुणीही कधीही उठून जाऊ शकतो. मला सुरुवातीला दोन पत्रांना उत्तरच आलं नव्हतं.

कोरा_कागद

मॉन्टाजवाला, ते चौकटीचं वाचून मी खरंच कागद घेतला आणि काढून बघितली. मलाही नाही जमलं लगेच.

उलटतपासणी, दोन प्रश्न. आर्बिट्रेशनला खर्च किती येतो, आणि वेळ? आणि मेडिएशनमध्ये ठरलेलं त्यांनी नंतर पाळलं नाही तर माझ्या हातात काय राहतं?

उलटतपासणी

खर्चाचं आधी. कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात फीचा नमुना तक्ता आहे, तो सगळीकडे सक्तीचा नाही पण अंदाज येतो. वाद पाच लाखांपर्यंत असेल तर ४५,००० रुपये, पाच ते वीस लाखांमध्ये ४५,००० अधिक पाच लाखांच्या वरच्या रकमेच्या साडेतीन टक्के. तुमच्या आठ लाखांवर ते ५५,५०० होतात, आणि एकच आर्बिट्रेटर असेल तर त्यावर २५ टक्के, म्हणजे ६९,३७५. ही फी साधारण निम्मी-निम्मी आगाऊ भरावी लागते. यात वकिलाची फी, जागेचं भाडं, स्टेनो धरलेला नाही. आठ लाखांच्या मागणीसाठी हे जड आहे आणि समोरच्यालाही हे माहीत असतं. क्लॉज नव्याने लिहायचा असता तर मी त्यात एवढंच घातलं असतं की सुनावणी ऑनलाइन आणि सेक्शन २९ब चा फास्ट ट्रॅक, ज्यात कागदपत्रांवर सहा महिन्यांत निकाल अपेक्षित असतो. दोघं तयार असतील तर हे आजही लेखी ठरवता येतं, विचारून बघायला काही जात नाही.

नेहमीच्या आर्बिट्रेशनमध्ये सहा महिने म्हणणी दाखल करायला, त्यानंतर बारा महिने अवॉर्डला म्हणजे आर्बिट्रेटरच्या निकालाला, आणि दोघांच्या संमतीने आणखी सहा. त्याच्यावर सेक्शन ३४ खाली कोर्टात आव्हान, तीन महिन्यांत आणि फार तर आणखी तीस दिवसांत. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नुसतं आव्हान दिलं म्हणून अवॉर्डची अंमलबजावणी थांबत नाही, स्टे वेगळा मागावा लागतो आणि कोर्ट सहसा पैसे भरायला लावतं. ही दुरुस्ती व्हायच्या आधीचे दिवस मी पाहिलेत, त्यामुळे सांगतो, हा बदल छोट्या माणसासाठी फार मोठा आहे.

आता मेडिएशनमधला करार. नुसता दोघांनी सही केलेला कागद असेल तर तो साधा करार, मोडला तर पुन्हा नव्याने भांडायचं. म्हणून तो कशाच्या छत्राखाली होतो हे महत्त्वाचं. आर्बिट्रेशन चालू असताना तडजोड झाली तर आर्बिट्रेटरकडून सेक्शन ३० खाली ती अवॉर्ड म्हणून लिहून घेता येते, मग ती थेट अंमलात आणता येते. ज्यांच्या करारात आर्बिट्रेशन नाही आणि वाद व्यावसायिक आहे, तीन लाख किंवा जास्तीचा, त्यांना तर कमर्शियल कोर्ट्स ॲक्टच्या सेक्शन १२अ प्रमाणे दावा टाकण्याआधी मेडिएशन करावंच लागतं, तातडीचा आदेश मागितला नसेल तर. २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने ते सक्तीचं आहे असं म्हटलं. तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन, तेवढा काळ मुदतीत मोजला जात नाही आणि तिथे झालेल्या तडजोडीला अवॉर्डचाच दर्जा मिळतो. २०२३ चा मेडिएशन ॲक्टही आहे, पण ९ ऑक्टोबर २०२३ ला त्यातली फक्त काही कलमं लागू झाली होती, त्यामुळे कुणी त्या कायद्याचा हवाला देऊन काही सांगितलं तर ते कलम लागू झालंय का हे आधी तपासून घ्या.

तुमच्यासाठी मी म्हणेन सेक्शन २१ ची नोटीस आणि मेडिएशनचं निमंत्रण एकाच पत्रात. एकामुळे घड्याळ सुरू होतं, दुसऱ्यामुळे बोलायची जागा मिळते.

आणि हो, तुमचं आधीपासून उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) असेल तर थकलेल्या पैशासाठी एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे छोट्या व्यवसायांच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे जाता येतं. करारात आर्बिट्रेशन असलं तरी ती वाट खुली राहते असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय, आणि उशिराच्या पैशावर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. पण तिथे क्रेडिटचा प्रश्न सुटणार नाही.

डिलिव्हरेबल्स

मी दुसऱ्या बाजूने बोलते. अकरा वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे, त्यातली सात प्लॅटफॉर्मला डिलिव्हरी देण्याचं काम. तुमचं प्रॉडक्शन हाउस कोणतं ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही.

निर्माते आर्बिट्रेशन का घालतात? लेखकाला दाबायला घालतात असं सगळ्यांना वाटतं, काही जण तसं करतातही, पण खरं कारण बहुतेक वेळा गोपनीयता असतं. कोर्टात गेलेली प्रत्येक गोष्ट बातमी होते. बजेट, कुणाला किती दिले, कोणत्या वेळी कुणाला काढलं, हे सगळं याचिकेला जोडलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पोर्टलवर. ते कुणालाच नको असतं, लेखकालाही नसतं.

तुम्हाला जे सांगायचंय ते हे की तुमच्या हातात आत्ता जेवढं बळ आहे तेवढं रिलीजनंतर कधीच नसेल. प्लॅटफॉर्मला सिरीज देताना निर्मात्याला चेन ऑफ टायटल द्यावी लागते, म्हणजे संकल्पनेपासून शेवटच्या ड्राफ्टपर्यंत ज्याने ज्याने लिहिलं त्याचा करार, सही, आणि लेखी हमी की या कामावर कुणाचाही दावा नाही. तुमची वकिलाची व्यवस्थित, शांत भाषेतली नोटीस आली की ती हमी तशीच द्यायची का हा प्रश्न निर्मात्याच्या लीगल टीमपुढे उभा राहतो. काही ठिकाणी शेवटचा मोठा हप्ता डिलिव्हरी मंजूर झाल्यावरच सुटतो. तुमचे आठ लाख त्याच्यापुढे किरकोळ असतात. मी स्वतः अशा दोन मीटिंगमध्ये बसलेय जिथे निर्माता महिनाभर फोन उचलत नव्हता आणि नोटिशीनंतर तिसऱ्या दिवशी म्हणाला, बोलावा त्यांना, बसून संपवू.

पण नोटीस शांत असू द्या. चोर, फसवणूक, पोलिसात जाईन असले शब्द घातले की विषय लीगलकडून मालकाच्या अहंकाराकडे जातो आणि मग कुणी बसत नाही. सोशल मीडियावर आत्ता काहीही टाकू नका. मला माहीत आहे किती राग येतो, पण एकदा पोस्ट टाकली की त्यांच्याकडेही बदनामीची नोटीस पाठवायला कारण मिळतं आणि एका वादाचे दोन वाद होतात.

क्रेडिटसाठी आणखी एक. मास्टर फाइल लॉक होण्याची तारीख शोधा, रिलीजची नव्हे. टायटल्स त्याच्या आधी दोनेक आठवडे गोठतात, वेगवेगळ्या भाषांच्या आवृत्त्या असतील तर आणखी आधी. तुमचे सात आठवडे प्रत्यक्षात तीन-चारच असतील.

आणि तुम्ही स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या मेंबर असाल तर त्यांच्या डिस्प्यूट सेटलमेंट कमिटीकडेही तक्रार द्या. तिथे बसणारे स्वतः लिहिणारे असतात, दोन ड्राफ्ट शेजारी ठेवून काय कुणाचं आहे ते बघतात. स्क्रिप्ट तिथे रजिस्टर केली असेल तर तारखेचा पुरावाही तयार आहे, फक्त रजिस्ट्रेशन म्हणजे मालकी नव्हे, अमुक तारखेला हे तुमच्याकडे होतं एवढंच त्याने सिद्ध होतं.

रात्रपाळी

मी न्यूज डेस्कवर आहे. धाग्याचा विषय थोडा वेगळा आहे, पण बातमीच्या वादातही हल्ली सगळे मेडिएशन मेडिएशन म्हणायला लागलेत म्हणून लिहितो.

आमच्याकडे आर्बिट्रेशनचा प्रश्नच सहसा येत नाही, कारण ज्याच्याबद्दल बातमी छापली त्याच्याशी आमचा करार नसतो. वाद झाल्यावर दोघांनी मिळून ठरवलं तरच. मग राहतं काय, तर वर्तमानपत्रासाठी प्रेस कौन्सिल, जी ताकीद देऊ शकते, निषेध नोंदवू शकते, दंड करू शकत नाही, आणि तोच विषय कोर्टात प्रलंबित असेल तर चौकशीही करू शकत नाही. म्हणजे आधी केस टाकली की ती वाट बंद. चॅनेलसाठी एनबीडीएसए ही न्यूज चॅनेल्सची स्वतःची तक्रार संस्था आहे, पण सदस्य चॅनेलपुरती. नाहीतर बदनामीचा दावा, आणि दिवाणी दाव्याला मुदत फक्त एक वर्ष. खासगीत बोलणी सुरू ठेवली म्हणून ते वर्ष थांबत नाही, कितीतरी लोक याच कारणाने मुदत घालवतात.

मेडिएशनमध्ये मी एकदा ऑफिसतर्फे बसलो होतो. एका शाळेतल्या कर्मचाऱ्याचं नाव आम्ही चुकीच्या प्रकरणात छापलं होतं, नामसाधर्म्याने. चूक शंभर टक्के आमची. त्या माणसाला पैसे नको होते. त्याला दुरुस्ती हवी होती आणि ती पहिल्या पानावर हवी होती कारण बातमी पहिल्या पानावर होती. आमच्याकडची पद्धत म्हणजे आतल्या पानावर खाली दोन ओळी, ‘दिलगीर आहोत’. तो म्हणाला, ‘माझ्या मुलीच्या वर्गात कुणी आतलं पान वाचत नाही.’ त्यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. दुरुस्ती पहिल्या पानावर गेली, त्याच जागी, त्याच आकारात, आणि वेबसाइटवरच्या जुन्या बातमीच्या वर कायमची टीप. दाव्यात हे मिळायला त्याची किती वर्षं गेली असती मला विचार करवत नाही.

पण याच अनुभवामुळे दुसरी बाजूही सांगावीशी वाटते. जी बातमी खरी आहे, कागदांवर उभी आहे, ती मेडिएशनच्या बंद खोलीत ‘मिटवायची’ नसते. मोठी कंपनी नोटीस पाठवते, ऑफिसला खर्च नको असतो, आणि बसून ठरतं की लिंक काढून टाका, कुणी काही बोलायचं नाही. वाचकाला कळतही नाही की काहीतरी होतं आणि ते गेलं. तिथे मी म्हणेन कोर्टातच जाऊ दे, उघड्यावर. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने लेख काढून टाकण्याचा तात्पुरता आदेश रद्द केला आणि खालच्या कोर्टांना बजावलं की खटला चालायच्या आधी असा मजकूर रोखणं ही अपवादात्मक गोष्ट असली पाहिजे. असा निकाल मेडिएशनमधून कधीच आला नसता आणि तो आज आमच्यासारख्या प्रत्येक छोट्या डेस्कच्या कामाला येतो.

उलटतपासणी

रात्रपाळींशी पूर्ण सहमत. आणि हे करमणुकीच्या क्षेत्रालाही थोडं लागू आहे. लेखकांचे इतके वाद गोपनीय तडजोडीत संपतात की पुढच्या लेखकाला दाखवायला काहीच राहत नाही, आणि त्याच निर्मात्याकडे तोच क्लॉज पुढच्या करारात तसाच असतो. म्हणून माझ्या अशिलांना मी सांगतो की रकमेची गोपनीयता द्या, बोलणी गोपनीय ठेवा, पण क्रेडिट तुमचं आहे हे जाहीर सांगायची मुभा कागदावर मागून घ्या. ती मागितली नाही तर साध्या गोपनीयतेच्या ओळीत तीही बुडते.

मॉन्टाजवाला

हे मी तेव्हा मागितलं नव्हतं. म्हणून आजही फिल्मचं नाव इथे लिहिता येत नाहीये.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

काल एका वकील बाईंना भेटले, करार दाखवला. त्यांनीही नेमणुकीच्या ओळीबद्दल तेच सांगितलं. मास्टर लॉकची तारीख शोधली, डिलिव्हरेबल्स तुम्ही म्हणालात ते तंतोतंत, रिलीजच्या आधी तेवीस दिवस. म्हणजे माझ्याकडे चार आठवडेही पुरते नाहीत. नोटिशीचा ड्राफ्ट तयार आहे, त्यात आर्बिट्रेटरसाठी तीन नावं, त्यातली एक बाई कॉपीराइटमधल्या आहेत, आणि शेवटच्या परिच्छेदात दहा दिवसांत मेडिएशनला बसायचं निमंत्रण. उद्यम रजिस्ट्रेशन माझं नाही, ते राहिलं. असोसिएशनची मेंबर आहे, तिथेही तक्रार टाकतेय.

चौकटही काढली. तीन दिवस लागले. ‘संकल्पना आणि लेखन’ अशी एक पाटी, माझं नाव एकटं, चार सेकंद. पुढच्या पाटीवर ‘एपिसोड सहा ते आठ, लेखन’ आणि त्या दुसऱ्या रायटरचं नाव. त्यालाही फोन केला, कारण या सगळ्यात त्याचा काय दोष. तो म्हणाला मला ‘संकल्पना’ नकोच होती, कुणी विचारलंच नाही, आणि लागलं तर मी हे लिहून देईन.

उलटतपासणी

त्याच्याकडून ते आजच ईमेलवर घ्या, फोनवर नको. आणि नोटीस कराराच्या पहिल्या पानावर जो पत्ता आणि ईमेल दिलाय त्या दोन्हींवर पाठवा, पोच जपून ठेवा. तीस दिवस ती पोचल्यापासून मोजतात.